थ्रू प्रॉपर चॅनल

पद्माकर आठल्ये यांना कुणी विचारलं की तुम्ही नोकरी कुठे करत होतात, तर ते सांगत, "पर्सोनेलला होतो." एवढंच. कारखाना कुठला, पद काय, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असलंच पाहिजे अशा थाटात. कारखाना सरकारी, बंगळुरातला, यंत्रांचे सुटे भाग करणारा. आठल्ये तिथे सदतीस वर्षं होते. आधी कारकून, मग वरिष्ठ सहायक, आणि निवृत्त होताना अधीक्षक. एवढ्या वर्षांत त्यांनी एका यंत्राला हात लावला नाही, पण यंत्रं चालवणाऱ्या तीन हजार माणसांच्या फायली त्यांच्या हाताखालून गेल्या, आणि त्या फायलींच्या जोरावर हा किडकिडीत माणूस कारखान्यात छाती काढून फिरायचा.

मूळचे सांगलीचे. एक ट्रंक आणि टायपिंगचं सर्टिफिकेट घेऊन चौऱ्याहत्तर साली ते बंगळुरात उतरले. कन्नड पन्नास वर्षांत रिक्षावाल्याला पुरेल इतकंच आलं. इंग्रजी बोलताना आजही अडखळतात. पण लिहायला बसले की हात थांबत नसे, आणि आपल्यासारखं पत्र अख्ख्या कर्नाटकात कुणी लिहीत नाही असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. हे मत ते मनात ठेवत नसत.

निवृत्तीनंतर महाराष्ट्र मंडळातल्या मुलांना त्यांनी नोकरीच्या अर्जासोबत जोडायची पत्रं लिहून द्यायला सुरुवात केली. दर रविवारी सकाळी, जेवणाच्या टेबलावर, लाल पेन घेऊन. फी काही नाही, पण अपमान भरपूर. मुलानं लिहून आणलेलं पत्र हातात घ्यायचं, पहिल्या वाक्यावर काट मारायची आणि म्हणायचं, "तू अर्ज करतोयस हे त्याला दिसतंय रे. पत्र आलंय म्हणजे अर्जच असणार, लग्नपत्रिका थोडीच आहे." संहिता नावाची एक मुलगी होती, इंजिनिअर झालेली, हुशार. तिच्या पत्रात 'मेहनती', 'प्रामाणिक' आणि 'उत्साही' असे तीन शब्द एका ओळीत आले. आठल्यांनी विचारलं, "हे तुझ्याबद्दल आहे की बैलाबद्दल?" ती रडत गेली. पुढच्या रविवारी परत आली, पत्र लिहून घेतलं आणि तिला मारतहळ्ळीच्या एका कंपनीत नोकरी लागली. आठल्ये तिचं रडणंच जास्त रंगवून सांगत.

शिकवणूक मात्र खरी होती, हे नाकारून चालणार नाही. ते म्हणत, कंपनीचं काय अडलंय ते आधी शोधा. मग तुमच्या आयुष्यातला एकच प्रसंग सांगा, जिथे तुम्ही तसलंच अडलेलं काम सोडवलंत. नाव, गाव, दिवस सगळं सांगा. एका पानात संपवा. आणि वाचणारा कामाच्या गराड्यात बसलेला आहे हे विसरू नका.

अशी काही वर्षं झकास गेली. मग मोबाइल पत्रं लिहायला लागला. रविवारची मुलं आधी कमी झाली, मग बंद झाली. शेवटचा आला तो प्रणीत, तोही बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला. आठल्यांनी त्याला विचारलं, "नोकरी बदलतोयस म्हणे, पत्राचं काय?" तो हसून म्हणाला, "काका, आता दहा सेकंदांत होतं." आठल्ये दोन वर्षं रविवारी सकाळी दाढी करून टेबलाशी बसत, आणि सुलभाताई, त्यांची बायको, त्यांच्यासमोर निवडायला शेंगा आणून ठेवत.

हा माणूस नोकरीत कसा होता तेही सांगायला हवं, नाहीतर चित्र फारच गोजिरवाणं होईल. सरकारी कारखान्यात नियम असा की दुसरीकडे अर्ज करायचा तर तो आपल्या साहेबांमार्फत, 'थ्रू प्रॉपर चॅनल' पाठवायचा. अर्ज खात्यात यायचा, शेरा व्हायचा, वर जायचा, मग बाहेर. नव्या जागी उशीर नको म्हणून एक आगाऊ प्रत थेट पाठवता यायची, पण मूळ अर्ज चॅनलनंच. हे चॅनल म्हणजे आठल्यांचा डाव्या हाताचा खण. पिराजी नावाचा एक टर्नर होता, कोल्हापूरकडचा. त्याला पुण्याच्या एका संशोधन संस्थेत जागा मिळत होती. म्हातारे आईवडील तिकडे. त्याचा अर्ज आठल्यांच्या खणात एकोणीस दिवस राहिला. पिराजी रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन टेबलापुढे उभा राहायचा. आठल्ये मान वर न करता म्हणायचे, "प्रोसेसमध्ये आहे." मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज बाहेर काढला आणि वर शेरा मारला, 'सेवेची गरज असल्याने सोडता येत नाही.' वैर काही नव्हतं. पिराजीनं एकदा कँटीनमध्ये त्यांना 'क्लार्क' म्हटलं होतं, इतकंच. पाहुण्यांना ही गोष्ट ते हसत सांगत, आणि सुलभाताई त्या वेळी चहा बघायला आत जात.

आता शमिका. आठल्यांची एकुलती एक मुलगी, त्रेचाळीस वर्षांची. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे घरात कुणी विचारत नाही. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात, जिथे इंजेक्शनच्या सिरिंज होतात, ती खरेदी विभागात अकरा वर्षं काम करत होती. घर तिच्या पगारावर चालत होतं. सकाळी पावणेसातला कंपनीची बस पकडायची आणि संध्याकाळी सहाला चेहरा उतरवून परत यायचं, असा तिचा दिवस.

चेहरा उतरवणाऱ्याचं नाव दयानंद. तिचा मॅनेजर, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. हा ओरडणारा माणूस नव्हता. ओरडणाऱ्याची तक्रार तरी करता येते. हा सगळ्यांसमोर हसत बोलायचा. शमिकाची फाइल दोन बोटांत धरून विचारायचा, "हे आपल्या मॅडमनी केलंय का? मग आपण परत करू या." तिनं ठरवलेले सौदे तो वरच्या साहेबांना आपल्या नावानं सांगायचा. दोनदा तिची बढती त्यानं नव्या पोराला दिली. शमिका जेवताना हे सांगायची, एकेक घास चावत, आवाज न चढवता, आणि आठल्ये आमटी भुरकत म्हणायचे, "लेखी दे. तोंडी काही खरं नाही."

या वर्षी मार्चमध्ये तिला एक जाहिरात दिसली. इलेक्ट्रॉनिक सिटीतली कंपनी, हृदयाच्या तपासणीची उपकरणं करणारी, खरेदी विभागाला प्रमुख हवा होता. वयाची अट पंचेचाळीस. म्हणजे हीच वेळ. आणखी दोन वर्षांनी तिला कुणी दारात उभं केलं नसतं. आणि जाहिरातीत खाली लिहिलं होतं की सोबत एक पानी पत्र जोडा, स्वतःच्या शब्दांत; यंत्राकडून लिहून घेतलेलं चालणार नाही, पत्रं कंपनीचे मालक स्वतः वाचतात.

शमिकानं आधी मोबाइलकडूनच लिहून घेतलं, मग स्वतः लिहिलं, मग दोन्ही खोडलं. शनिवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन वडिलांसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, जरा बघता का?"

आठल्यांना काय झालं असेल ते सांगायला नको. पण त्यांनी तोंड वाकडं केलं, चष्मा पुसला, पत्र वाचलं आणि म्हणाले, "हे कोणी लिहिलंय, दयानंदनं?" शमिका हसली. त्या घरात ती बऱ्याच दिवसांनी अशी हसली. मग दोन दिवस दोघं टेबलाशी बसून होते. आठल्ये प्रश्न विचारत गेले, जसे ते कधीकाळी चौकशी समितीत विचारत. कंपनीचं काय अडतंय? माल वेळेवर मिळत नाही? बरं. तुझ्याकडे कधी माल अडला होता? कोणता? कोणत्या दिवशी? साहेब कुठे होता?

असं खोदत खोदत सुयांचं प्रकरण बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी बाहेरून येणाऱ्या सुया बंदरावर अडकल्या होत्या आणि कारखाना तीन दिवसांत थांबणार होता. दयानंद तेव्हा नेमका तिरुपतीला गेला होता, फोन बंद करून. शमिका एकटी होसूरला गेली, दोन दिवस फिरली, आणि एका छोट्या कारखानदाराला तयार करून तिसऱ्या दिवशी सुया घेऊन आली. कारखाना एक तासही थांबला नाही. दयानंदनं परत आल्यावर ही हकिगत वरच्या साहेबांना 'मी फोनवरून सगळं जमवलं' अशी सांगितली. शमिकानं हे घरी कधीच सांगितलं नव्हतं. सुलभाताई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एकटी गेलीस होसूरला?"

आठल्यांनी पत्र लिहिलं. चांगलं म्हणजे खरोखरच चांगलं. पहिल्याच वाक्यात बंदरावर अडकलेल्या सुया होत्या. होसूरच्या कारखानदाराचं नाव होतं, तारखा होत्या, 'त्या तीन दिवसांत माझे वरिष्ठ रजेवर होते' असं एक साधं वाक्य होतं. एकही विशेषण नाही. शमिकानं ते दोनदा वाचलं.

"ही मी आहे का, बाबा?" तिनं विचारलं.

"फाइलमध्ये जे आहे ते लिहिलंय," आठल्ये म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

मग त्यांनी तो विषय काढला. "आता हे ऑफिसमार्फत पाठवायला हवं. थ्रू प्रॉपर चॅनल. इकडे आगाऊ प्रत जाऊ दे."

"बाबा, खासगी कंपनीत तसं काही नसतं."

"उद्या तुला रिलीव्हिंग ऑर्डर कोण देणार? नोकरीत असताना गुपचूप अर्ज करणं म्हणजे..."

"बाबा." शमिकानं त्यांच्या हातावर हात ठेवला. "ऑफिसात हे कुणालाही कळता कामा नये. दयानंदला तर मुळीच नाही. त्याला कळलं तर तो मला तिकडेही जाऊ देणार नाही आणि इकडेही जगू देणार नाही. कळलं ना?"

"बरं," आठल्ये म्हणाले. पण सवयीनं त्यांनी तीन प्रती छापून घेतल्या आणि तिन्हींवर तिच्या सह्या घेतल्या, फाइलसाठी म्हणून. शमिकानं बघितलं नाही, सह्या केल्या. पत्र तिनं मेलनं पाठवलं. मंगळवारी उत्तर आलं: पुढच्या आठवड्यात शुक्रवारी मुलाखतीला या, मालकांनी पत्र स्वतः वाचलं आहे. शमिकानं येताना धारवाडी पेढे आणले. सुलभाताईंनी देवापुढे ठेवले. आठल्ये म्हणाले, "पत्रात दम असला की येतंच उत्तर," आणि त्या दिवशी जेवणानंतर त्यांनी ते पत्र काढून पुन्हा वाचलं. बुधवारीही वाचलं.

खरी अडचण इथे होती. इतकं सुंदर पत्र, आणि वाचणारा एकच, तोही अनोळखी. सुलभाताईंना इंग्रजी पोस्टाच्या पाकिटापुरतं. मंडळातल्या लोकांना दाखवावं तर बातमी फुटायची. आठल्यांच्या मनात राहून राहून यायचं की हे पत्र ज्यानं वाचायला हवं तो माणूस बोम्मसंद्र्यात बसलाय.

त्याच बुधवारी शमिका घरी आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळानं तिनं आईला सांगितलं. तीन नवीन मुलं विभागात आली होती, त्यांना ओळख करून देताना दयानंद तिच्याकडे बोट दाखवून कन्नडमध्ये म्हणाला, "ही आपली अज्जी. हिला जड काम देऊ नका, मोडेल." मुलं हसली. मग सबंध दिवस त्यांनी तिला अज्जीच म्हटलं, आणि चहावाल्यानंही. "नऊ दिवस काढायचे आहेत," शमिका म्हणाली, "काढीन." आठल्ये हॉलमध्ये पेपर धरून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला.

गुरुवारी सकाळी शमिका गेल्यावर ते लॅपटॉपशी बसले. दयानंदला उद्देशून त्यांनी चार ओळींचं पत्र केलं: सोबत आपल्या विभागातील श्रीमती शमिका आठल्ये यांचा अर्ज नियमानुसार पुढे पाठवण्यासाठी जोडला आहे, कृपया शेरा द्यावा. खाली स्वतःचं नाव, आणि 'निवृत्त अधीक्षक, पर्सोनेल'. सहीची एक प्रत जोडली. नियम हा नुसता बुरखा होता. त्या माणसानं आपल्या खुर्चीत बसून ओळ न् ओळ वाचावी, 'माझे वरिष्ठ रजेवर होते' इथे यावं आणि त्याच्या तोंडात कुणी मारल्यासारखं व्हावं, एवढंच आठल्यांना हवं होतं. मुलीनं काय बजावलं होतं ते त्यांना पुरतं आठवत होतं. पोस्टात रांगेत उभे असतानाही आठवत होतं. खिडकीतली बाई म्हणाली, "स्वल्प निल्ली, सार," म्हणून ते थोडे थांबले, तेव्हा परत फिरायला चांगली पाच मिनिटं मिळाली होती. त्यांनी स्पीड पोस्ट केलं आणि पावती पाकिटात जपून ठेवली.

सोमवारी शमिका रोजच्या वेळेला घरी आली. चपला काढल्या, हात-पाय धुतले, टेबलाशी येऊन बसली. सुलभाताईंनी चहा ठेवला. तिनं कप हातात घेतला नाही.

"बाबा, पत्र छान होतं," ती म्हणाली. "आज सगळ्यांनी ऐकलं."

मग तिनं सांगितलं, अगदी सरळ आवाजात. सकाळच्या बैठकीत दयानंदनं पाकीट काढलं. सगळा विभाग होता, स्टोअरचे लोकही बोलावले होते. त्यानं पत्र पहिल्यापासून वाचलं, एकेक वाक्य इंग्रजीत, मग तेच कन्नडमध्ये, स्टोअरवाल्यांना कळावं म्हणून. शमिकाला उभं केलं होतं. प्रत्येक वाक्यानंतर तो तिला विचारत होता, "सरी ना, अज्जी?" आणि ती हो म्हणेपर्यंत पुढे जात नव्हता. 'माझे वरिष्ठ रजेवर होते' हे त्यानं तीनदा वाचलं. मग फोन स्पीकरवर टाकून इलेक्ट्रॉनिक सिटीच्या त्या मालकांना लावला. नाव पत्रावर होतंच. म्हणाला, सर, आमच्या बाईंनी तुम्हाला आमच्या पुरवठादाराचं नाव लेखी कळवलंय, तुमच्याकडे आल्यावर तुमची नावं कुणाला कळवतील ते बघा. मालक म्हणाले, मुलाखत रद्द समजा.

"फोन ठेवल्यावर टाळ्या वाजवायला लावल्या," शमिका म्हणाली. "पत्र चांगलं आहे म्हणून."

सुलभाताई खुर्ची ओढून बसल्या. आठल्यांच्या डोक्यात फक्त नियम होता आणि तो इथे सांगण्यासारखा नव्हता.

शमिकानं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "मी तुम्हाला सांगितलं होतं. तुमच्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं. पोस्टात टाकताना ते आठवत होतं का तुम्हाला?"

आयुष्यात आठल्यांनी पुष्कळांना अडवलं, पुष्कळांना झुलवलं, पण सरळ प्रश्नाला सरळ खोटं उत्तर देण्याची त्यांना सवय नव्हती. ते 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणत, आणि ते खरंच असे. आता त्यांना दिसलं की 'हो' म्हटलं तर ही मुलगी उठेल आणि पुन्हा या टेबलाशी आपल्यासमोर कधी बसणार नाही. त्रेचाळीस वर्षांत त्यांना तिची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"नाही," ते म्हणाले. "आठवत नव्हतं. कसं टाकलं तेही आठवत नाही."

शमिकाचा चेहरा बदलला. जे काही तिनं दिवसभर आवळून धरलं होतं ते सैल झालं. तिनं हात पुढे करून त्यांच्या मनगटावर ठेवला. सुलभाताई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "मला वाटलंच होतं." आठल्यांना हायसं वाटलं. इतक्या सहज सुटू असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मग हे जमेल," शमिका म्हणाली. तिनं पर्समधून दयानंदनं दिलेला एक कागद काढला. पुरवठादाराचं नाव बाहेर दिलं म्हणून दयानंद तिला काढून टाकणार होता, आणि अनुभवाच्या दाखल्यावर तसा शेरा मारणार होता. तो शेरा पडला की कुठल्याही खरेदी विभागात तिला कुणी घेणार नाही. घरचं सगळं तिच्यावर. एकच वाट त्यानं ठेवली होती. पत्र तिच्या वडिलांनी भलत्या मनःस्थितीत लिहिलं, तिनं न वाचताच सही केली, त्यातलं सगळं खोटं आहे, सुया दयानंदनंच जमवल्या, असं वडिलांनी लेखी द्यायचं. उद्या दहाच्या आत. ते वाचून खात्री पटली तर तिला ठेवतील. खरेदी विभागात नाही, भंगाराच्या नोंदी ठेवायला, फाटकाजवळच्या शेडमध्ये. पण ठेवतील.

"तुम्हीच लिहा," शमिका म्हणाली. "त्याला पटेल असं. मला तसं लिहिता येत नाही."

आठल्ये लॅपटॉपशी बसले. या घरात आजवर त्यांनी शेकडो माणसांबद्दल लिहिलं होतं, स्वतःबद्दल एक ओळ नाही. ते टाइपरायटरवर मारावीत तशी बटणं मारत होते. मी, खाली सही करणारा, वय त्र्याहत्तर. सुयांचं वाक्य त्यांनी लिहिलं, मुलीच्या नावाच्या जागी दयानंदचं नाव घातलं, तेव्हा शमिका खिडकीबाहेर बघत होती. मग ते 'माझी स्मृती आता भरवशाची राहिलेली नाही' इथे येऊन थांबले.

"हे असं नुसतं लिहून कुणाला पटत नाही," ते म्हणाले. त्यांच्यातला अधीक्षक जागा झाला होता आणि त्यांना त्यातल्या त्यात बरं वाटत होतं. "एखाद-दुसरी घटना द्यावी लागेल. दिवस, वेळ, जागा. काहीतरी तयार करू या."

शमिकानं आईकडे बघितलं. आईनं तिच्याकडे.

"गेल्या महिन्यात," शमिका म्हणाली, "सकाळी साडेसहाला तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन मैदानाच्या कोपऱ्यावर उभे होतात. कारखान्याच्या बससाठी. मी तुम्हाला हाताला धरून घरी आणलं आणि माझी बस चुकली."

"उत्तम," आठल्ये टाइप करत म्हणाले. "हे पटेल. आणखी एक?"

"बँकेतून येताना घर सापडलं नाही," सुलभाताई हळूच म्हणाल्या. "औषधांच्या दुकानवाल्यानं आणून सोडलं. तुम्ही त्याला पाणी दिलंत, आणि तो गेल्यावर मला विचारलंत, हा कोण होता."

"हेही चांगलं आहे."

"संक्रांतीला तुम्ही तुमच्या दादांना पत्र लिहिलंत, सांगलीच्या पत्त्यावर. चार पानी." सुलभाताईंचा आवाज आता थांबत नव्हता, जणू दाराची कडी एकदा निघाली होती. "दादांना जाऊन सहा वर्षं झाली. मी ते पोस्टात टाकलं नाही. माझ्या कपाटात आहे. आणि गॅस. दोनदा. आणि परवा रात्री जेवल्यावर तासाभरानं तुम्ही पुन्हा ताट मागितलंत, आणि मी वाढलं."

आठल्यांची बोटं थांबली. कौतुकानं ते म्हणाले, "तुम्ही दोघी छान रचता की. चार पानी पत्र वगैरे." मग त्यांनी शमिकाकडे बघितलं. "बसचं तू बनवलंस ना?"

शमिकानं टेबलावरचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"डब्याचं तरी?"

सुलभाताईंनी ओठ दाबून धरले होते. आठल्यांनी आठवून बघितलं. मैदानाचा कोपरा त्यांना दिसला, पण तो तीस वर्षांपूर्वीचा होता, बसला निळा पट्टा होता आणि आत बसलेली माणसं त्यांच्याकडे बघून सरकून जागा देत होती. गेल्या महिन्यातलं काही सापडेना. पोस्टाची रांग मात्र लख्ख आठवत होती, खिडकीतली बाई, पाकिटावरचा आपला टाइप केलेला पत्ता, आणि परत फिरायला मिळालेली ती पाच मिनिटं. ते सांगायची ही शेवटची वेळ होती. ते सांगितलं असतं तर या घरात ते निदान शहाणे ठरले असते.

"बाबा, किती घटना घ्यायच्या?" शमिकानं विचारलं. तिनं घड्याळ बघितलं. "एका पानात बसायला हवं ना?"

"दोन," आठल्ये म्हणाले. "दोन पुरे होतात."

"मग बसचं आणि दादाकाकांचं घ्या. ते वाचून कुणालाही पटेल."

त्यांनी ती दोन घेतली. वाक्यं छोटी ठेवली, दिवस आणि वेळ घातली, एकही विशेषण वापरलं नाही. शमिकानं पत्र छापलं, उभ्यानंच वाचलं, आणि चांगलं झालंय म्हणाली. मग सही कुठे करायची ते तिनं त्यांना बोट ठेवून दाखवलं.